वेगाला वेसण

कोणतेही यंत्र विकत घ्यावयास निघालेला मनुष्य पहिला प्रश्न वेगाचा विचारतो. मोटार ताशी किती किलोमीटर धावते, गिरणीतून तासाला किती दळण निघते, संगणकाचा प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा आहे, हे सारे प्रश्न एकाच कुळातले. अधिक वेग म्हणजे अधिक काम आणि अधिक काम म्हणजे पैशाचे चीज, असा आपला सरळ हिशेब असतो. अशा वेळी कोणी सांगितले की, घरी आणलेल्या संगणकाचा कमाल वेग आपल्याच हाताने थोडा उतरवून ठेवा, तर ती सूचना विपरीत वाटेल. मोल देऊन घोडा घ्यावा आणि त्याला दुडक्या चालीने चालवावे, यात शहाणपण ते कोणते?

आज याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगावयाचे, तर असे सांगता येईल: प्रोसेसरच्या वेगाचा शेवटचा थोडासा हिस्सा फार महाग पडतो. तो सोडून दिला, तर काम थोडे मागे पडते, पण उष्णता पुष्कळ कमी होते. हे असे का घडते, हे समजून घेण्यासाठी प्रोसेसर मुळात काय करतो, याकडे प्रथम वळले पाहिजे.

प्रोसेसर हा संगणकाचा गणिती मेंदू. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर ट्रान्झिस्टर नावाची अब्जावधी सूक्ष्म बटणे कोरलेली असतात. प्रत्येक बटण एक तर चालू असते, नाही तर बंद. या चालू-बंदच्या खेळातूनच बेरीज-वजाबाकीपासून चलच्चित्रापर्यंत सर्व काही निर्माण होते. ही सारी बटणे एका तालात चालावीत म्हणून चिपला एका घड्याळाचे ठोके पुरवले जातात. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोक्यांवर चालणारा प्रोसेसर. अशा दोन ठोक्यांमधल्या अवधीत प्रकाशाचा किरणसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर पुढे सरकतो. यावरून या गतीची काहीशी कल्पना यावी.

आता उष्णतेचा विचार करू. प्रोसेसर पाणी उपसत नाही, वजन उचलत नाही, की चाक फिरवत नाही. त्यामुळे त्याने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ साधारण दीडदोनशे चौरस सेंटिमीटरांचा असतो; म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट. २००४ च्या सुमारास पेंटियम ४ या प्रोसेसरच्या वरच्या श्रेणीतील चिपा ११५ वॅटपर्यंत वीज घेत आणि त्यांचे क्षेत्रफळ होते चौरस सेंटिमीटरभराहून किंचित अधिक. तापलेल्या इस्त्रीच्या जवळजवळ वीसपट उष्णता तेवढ्याच जागेतून सतत काढून न्यावयाची, असे हे आव्हान होते.

ही उष्णता वेगाबरोबर कशी वाढते? प्रत्येक बटण चालू होताना त्यात थोडा विद्युतभार भरला जातो आणि बंद होताना तो रिकामा होतो. एखादा हौद भरावा आणि ओतून द्यावा, तसाच हा प्रकार. ठोके दुप्पट झाले की हौद दुप्पट वेळा भरावा लागतो, म्हणून खर्च दुप्पट. इथवर सारे न्यायाचे आहे. दुप्पट कामाला दुप्पट खर्च. परंतु गोष्ट येथे थांबत नाही. बटणे अधिक त्वरेने हलावीत, तर त्यांना अधिक जोर लावावा लागतो, म्हणजेच विद्युतदाब वाढवावा लागतो. दाब वाढवणे म्हणजे हौद अधिक उंचीपर्यंत भरणे. उंची दुप्पट केली, तर पाणी दुप्पट लागते आणि ते सरासरी दुप्पट उंचीवर चढवावे लागते. म्हणून श्रम होतात चौपट. उष्णता अशा रीतीने वेगाच्या पटीत वाढते आणि शिवाय दाबाच्या वर्गाच्याही पटीत वाढते. वेगाबरोबर दाबही त्याच प्रमाणात चढवावा लागला, तर उष्णता वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढू लागते.

सायकल चालवणाऱ्यास हा नियम पायांनी ठाऊक असतो. सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना श्रम जाणवत नाहीत. वेग वाढला की हवा आडवी येते. चांगल्या वेगात असताना हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो मोडून काढण्यासाठी दर क्षणी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून तो वेग केवळ सव्वापट करावयाचा, तर पायांना जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. घामाने निथळून मिळवलेली पाच मिनिटे मुक्कामी पोचल्यावर दम खाण्यातच खर्ची पडतात.

हाच हिशेब उलट मांडून पाहू. वेग एक दशांशाने उतरवला, तर घनाच्या नियमाप्रमाणे उष्णता २७ टक्क्यांनी उतरते. एक पंचमांशाने उतरवला, तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. त्या वेगाने शंभर मिनिटांचे काम सव्वाशे मिनिटांत होईल हे खरे. पण त्या कामास प्रोसेसरने खाल्लेली एकूण वीज सुमारे ६४ टक्केच भरेल. प्रत्यक्ष यंत्रात हे आकडे इतके नेमके उतरत नाहीत, कारण दाब वेगाच्या अगदी समप्रमाणात कमी होत नाही, आणि बटणे स्वस्थ असतानाही थोडी वीज त्यांतून झिरपत राहते. तरीही वरच्या टप्प्यात व्यवहाराची दिशा हीच असते. द्यावयाचे थोडे आणि मिळवावयाचे पुष्कळ, असा हा सौदा आहे.

मग अभियंत्यांनी वेगाचा इतका ध्यास का घेतला, असे कोणी विचारील. त्याचे कारण इतिहासात आहे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तिचा वेग होता ७४० किलोहर्ट्झ. पुढे १९७४ मध्ये आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचे सूत्र मांडले. ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा विद्युतदाबही त्याच प्रमाणात कमी केला, तर तितक्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर मावतील, ते अधिक वेगाने चालतील, आणि तरीही त्या जागेतून निघणारी उष्णता वाढणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. तंत्रविद्येला जणू अक्षय्य पात्रच लाभले. सुमारे तीस वर्षे दर पिढीला वेग वाढत गेला आणि त्याची किंमत मोजावी लागते आहे, हे सामान्य ग्राहकास जाणवलेही नाही.

परंतु विद्युतदाब किती उतरवावा यालाही सीमा होती. एका मर्यादेखाली तो नेला की बटण बंद असतानाही वीज झिरपू लागते. नळ पुरता बंद होतच नाही. २००१ मध्ये इंटेलचे पॅट्रिक गेल्सिंगर यांनी अभियंत्यांच्या परिषदेत इशारा दिला की, हाच क्रम चालू राहिला तर चिपच्या पृष्ठभागावरील उष्णतेची घनता अणुभट्टीशी, पुढे अग्निबाणाच्या मुखाशी आणि अखेर सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करू लागेल. भाषा अलंकारिक होती, पण हिशेब खरा होता.

या इतिहासाचे वळण २००४ या एका वर्षात स्पष्ट दिसते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा संकल्प सोडून दिला. ती मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २००४ मध्ये, जगातील सर्वांत समर्थ संगणकाचा मान ब्ल्यू जीन एल या यंत्राने जपानच्या अर्थ सिम्युलेटरकडून हिरावून घेतला. आयबीएमने अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेसाठी बांधलेल्या या महासंगणकातील प्रोसेसरांचा वेग किती होता? अवघा ७०० मेगाहर्ट्झ. म्हणजे दुकानातल्या पेंटियमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. परंतु मंद असल्यामुळेच ते थंड होते, थंड असल्यामुळेच दाटीवाटीने बसवता आले, आणि असे ३२ हजारांहून अधिक प्रोसेसर एकदिलाने कामाला लागल्यावर एकट्यादुकट्या शीघ्रगतीचे काही चालेना.

कामाची विभागणी करून अनेक प्रोसेसरांकडून ते एकाच वेळी करून घेण्याची ही विद्या आपल्याकडेही अपरिचित नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हा महासंगणक याच समांतर मार्गाचा होता. तेथे प्रेरणा उष्णतेची नव्हती. परदेशातून महासंगणक मिळण्यातील अडचणीतून तो मार्ग निवडला गेला होता. पण अनेक हातांची शक्ती एका हाताच्या चपळाईपेक्षा मोठी ठरू शकते, हा धडा तोच. २००४ नंतर घरगुती प्रोसेसरांतही एकाऐवजी दोन, चार, आठ गाभे आले, ते याच कारणाने. १९७१ पासून २००४ पर्यंतच्या तेहतीस वर्षांत वेग पाच हजारपट झाला होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत घरगुती प्रोसेसरचा कमाल वेग ६.२ गिगाहर्ट्झवर पोचला. म्हणजे तो दुप्पटही झाला नाही.

असे असता आजच्या संगणकावर वेसण घालण्याची गरज का उरते? कारण निर्मात्यांनी आता वेगळीच युक्ती योजली आहे. २००८ पासून इंटेलने आपल्या प्रोसेसरांना टर्बो बूस्ट नावाची सोय दिली, आणि इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांतही तशीच योजना असते. काम अंगावर आले की प्रोसेसर आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी वर उसळी घेतो. एखादे पान उघडणे, एखादे छायाचित्र दाखवणे, अशा क्षणभराच्या कामांना ही उसळी फार सोयीची आहे. पण काम तासभर चालणारे असले की तीच अंगलट येते. चिप तापते, पंखा घोंगावू लागतो, आणि तापमान ठरलेल्या मर्यादेला, बहुधा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, टेकले की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग झटकन खाली आणतो. थोडे निवले की पुन्हा उसळी, पुन्हा ताप, पुन्हा माघार. अशा धापा टाकणाऱ्या यंत्रापेक्षा एका समगतीने चालणारे यंत्र अधिक शांतपणे आणि कित्येकदा तितक्याच वेळात काम उरकते.

आपल्या देशात या प्रश्नाला ऋतूचाही एक पदर आहे. उष्णता वाहून जाण्याचा वेग चिप आणि खोली यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतो. चिपची मर्यादा १०० अंश धरली आणि खोली २५ अंशांची असली, तर हे अंतर ७५ अंशांचे. नागपूर, इंदूर किंवा बडोदे येथे वैशाखातल्या दुपारी खोलीच ४० अंशांवर गेली, तर उरतात ६० अंश. पंखा तोच, यंत्र तेच. पण ते बाहेर टाकू शकेल ती उष्णता एक पंचमांशाने घटली. आता घनाचा नियम पुन्हा आठवावा. उष्णता एक पंचमांशाने कमी करण्यासाठी वेग फक्त सुमारे ७ टक्क्यांनी उतरवावा लागतो. ज्या घरी वातानुकूलन नाही, वीज गेली की इन्व्हर्टरच्या आधारावर परीक्षेचा अभ्यास किंवा हिशेबाचे काम चालते, तेथे एवढ्याशा त्यागात यंत्र उन्हाळाभर सुरळीत राहणे आणि बॅटरी अधिक वेळ पुरणे, हे मोल थोडे नव्हे. शिवाय लॅपटॉप आणि मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर जर्जर होते. चिप तापली तर ती आपले रक्षण करते. तिच्या शेजारी तापणाऱ्या बॅटरीला मात्र झालेली झीज भरून काढता येत नाही.

ही वेसण घालावयाची कशी, हे थोडक्यात सांगतो. विंडोज प्रणालीच्या विद्युतविषयक प्रगत मांडणीत मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट नावाचा एक टक्क्यांचा आकडा असतो. तो १०० वरून ९९ केला, तरी पुष्कळशा यंत्रांत वर सांगितलेली उसळी बंद होते आणि प्रोसेसर आपल्या मूळ वेगाच्या आत राहतो. काही नव्या यंत्रांत हा आकडा दडवलेला असतो. लिनक्स प्रणालीत प्रत्येक गाभ्याचा कमाल वेग किलोहर्ट्झमध्ये लिहून ठेवता येतो, आणि वेग केव्हा वाढवावा, केव्हा उतरवावा, हे ठरवणाऱ्या तिच्या अंगाला गव्हर्नर असेच नाव आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा जो नियंत्रक बसवला, त्याचेच हे नाव. एंजिन अति वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आपोआप आवळली जाई. वॅटच्या आधी पवनचक्क्यांत जात्याच्या तळ्यांमधील अंतर राखण्यासाठी तशीच योजना वापरीत. पीठ दळणाऱ्या जात्यापासून आकडे दळणाऱ्या चिपेपर्यंत हे नाव चालत आले आहे.

तथापि कोणताही नियम ताणला की तुटतो. विद्युतदाबाला खालची एक मर्यादा असते. ती गाठल्यावर वेग आणखी कमी केला, तर दाब उतरत नाही. घनाचा लाभ संपतो आणि काम मात्र लांबत जाते. तेवढा वेळ पडदा, स्मृती आणि बाकीचा संसार वीज खातच असतो. म्हणून वेग निम्म्याखाली खेचून बसणे बहुधा आतबट्ट्याचेच ठरते. काम झपाट्याने संपवून यंत्राला झोपू द्यावे, हा दुसरा पक्षही क्षणिक कामांच्या बाबतीत खराच आहे. ज्याला चलच्चित्राचे संपादन ठरल्या वेळेत पुरे करावयाचे आहे आणि ज्याच्याकडे चांगले वातन आहे, त्याने वेसण सैल सोडावी. आणि ज्याच्या यंत्राच्या पंख्यात धुळीचे जाळे माजले आहे, किंवा जो लॅपटॉप गादीवर ठेवून त्याचे श्वासमार्ग बुजवतो, त्याने आधी ती व्यवस्था सुधारावी. वेगमर्यादा हा स्वच्छतेला पर्याय नाही.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ही मर्यादा ठरवावयाची कोणी? जानेवारी २०१७ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या काही आयफोनांच्या प्रणालीत एक बदल केला. बॅटरी जुनी झाली असेल तर फोन अकस्मात बंद पडू नये, म्हणून त्याच्या प्रोसेसरचा कमाल वेग आवळला जाऊ लागला. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय सयुक्तिक होता. पण तो ग्राहकांना स्पष्टपणे सांगितलेला नव्हता. आपला फोन मंदावला, तो आता टाकून नवा घ्यावा, असे कित्येकांना वाटले असेल. वस्तुतः नवी बॅटरी बसवणे पुरेसे होते. डिसेंबर २०१७ मध्ये ही गोष्ट उघड झाली, कंपनीने क्षमा मागितली, बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरांवरून २९ वर आणला, आणि २०१८ मध्ये ही मर्यादा उठवण्याची सोय मालकाच्या हाती दिली. फ्रान्समध्ये २०२० साली तिला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला.

याच्या उलट टोकाचा अनुभव २०२४ मध्ये आला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही वेगवान प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रमाणाबाहेर विद्युतदाब मागितला जाणे हे त्याचे एक मुख्य कारण निघाले. कंपनीने दाबावर मर्यादा घालणारी सुधारणा पाठवली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. एका प्रसंगी मर्यादा होती, पण ती मालकास ठाऊक नव्हती. दुसऱ्या प्रसंगी हवी होती ती मर्यादाच अपुरी पडली.

या दोन्ही प्रसंगांतून निघणारा बोध एकच आहे. यंत्रावर मर्यादा असणे हा कमीपणा नाही; ती अज्ञात असणे हा धोका आहे. आपल्या यंत्राला किती ताप सोसवतो, आपल्या गावचा उन्हाळा किती कडक आहे आणि आपल्या कामाला खरोखर किती घाई आहे, या तीन गोष्टी कारखान्यातल्या अभियंत्यापेक्षा मालकास अधिक ठाऊक असतात. त्या जाणून ज्याने वेसण हाती घेतली, त्याचा संगणक विक्रीपत्रकातला कमाल आकडा कदाचित कधीच गाठणार नाही. पण वैशाखातल्या दुपारीही तो धाप न टाकता आपले काम करीत राहील.